छापील कागदावरून फाइल सापडायला हवी: हेडरमध्ये फाइलचं नाव आणण्याची रीत

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची पतसंस्था असो, मराठी शाळा असो की गावचं युवक मंडळ, एकच मजकूर दोन-तीन भाषांत टाइप करायची वेळ सगळ्यांवर येते. ग्रामपंचायतीच्या विकास अधिकाऱ्यांना (पीडीओंना) द्यायचा अर्ज कन्नडमध्ये, सभासदांत वाटायची प्रत मराठीत, आणि वर डीसी ऑफिसला, म्हणजे जिल्हाधिकारी कचेरीला, जाणारं निवेदन कधी कन्नडमध्ये तर कधी इंग्रजीत. प्रत्येक प्रतीच्या पुन्हा दुरुस्त्या. महिन्याभरानं कचेरीतून फोन येतो, की दुसऱ्या परिच्छेदातला सर्व्हे नंबर बदलून आणा. सही-शिक्क्याचा कागद समोर असतो, पण तो संगणकातल्या सात-आठ सारख्या फाइलींपैकी नेमका कुठल्या फाइलमधून छापला, हे कोणालाच सांगता येत नाही. मग अंदाजानं एक फाइल उघडली जाते, तीत आधीची एखादी दुरुस्ती नसते, आणि जुनी चूक परत छापून जाते.

हे टाळायला प्रत्येक पानाच्या माथ्यावर, म्हणजे हेडरमध्ये, फाइलचं नाव छापून यावं, एवढंच पुरतं. मात्र ते नाव हातानं टाइप करू नये. हातानं टाइप केलेलं नाव फाइल दुसऱ्या नावानं सेव्ह केली तरी जुनंच राहतं, आणि चुकीचं नाव छापलेला कागद बिननावाच्या कागदापेक्षा जास्त घोळ घालतो. वर्ड आणि लिब्रेऑफिस या दोन्हींत यासाठी ‘फील्ड’ नावाची सोय आहे. फील्ड म्हणजे मजकुरात पेरलेली सूचना: ‘या जागी फाइलचं सध्याचं नाव दाखव.’ पडद्यावर आपल्याला नाव दिसतं, आत ती सूचना असते.

वर्डमध्ये फील्ड कसं घालावं

आधी फाइल एकदा सेव्ह करा. सेव्ह न केलेल्या फाइलला स्वतःचं नाव नसतं, त्यामुळे हेडरमध्ये ‘डॉक्युमेंट१’ असलं काहीतरी येतं. मग पानाच्या वरच्या कोऱ्या समासात माउसनं डबल क्लिक करा. मजकूर फिका होतो, हेडरची जागा उघडते आणि वरच्या पट्टीत ‘हेडर अँड फूटर’ हा नवा टॅब येतो. त्यात ‘डॉक्युमेंट इन्फो’ नावाचं बटण आहे. ते दाबलं की खाली ‘फाइल नेम’ आणि ‘फाइल पाथ’ असे पर्याय येतात. ‘फाइल नेम’ निवडा. काम झालं. समासाबाहेर मजकुरात डबल क्लिक करा, की हेडर बंद.

जुन्या वर्डमध्ये, म्हणजे २००७ आणि २०१० मध्ये, हे बटण नाही. तिथे हेडरमध्ये कर्सर ठेवून ‘इन्सर्ट’ टॅबमधल्या ‘क्विक पार्ट्स’ वर जायचं, ‘फील्ड’ निवडायचं आणि डावीकडच्या यादीत ‘फाइलनेम’ शोधायचं. यादी इंग्रजी अक्षरक्रमानं असते, ‘एफ’ दाबलं की जवळ पोचता. उजवीकडे ‘ॲड पाथ टु फाइलनेम’ ही चौकट आहे, ती आत्ता रिकामीच ठेवा. ही वाट नव्या वर्डमध्येही चालते.

ज्यांचा हात कीबोर्डवर बसलाय त्यांच्यासाठी आणखी एक वाट आहे. हेडरमध्ये कर्सर ठेवून कंट्रोल आणि एफ९ एकत्र दाबा. महिरपी कंसांची एक जोडी येते. तिच्या आत इंग्रजी अक्षरांत, मध्ये जागा न सोडता, ‘फाइलनेम’ हा शब्द टाइप करा (एफ, आय, एल, ई, एन, ए, एम, ई) आणि एफ९ दाबा. हे कंस कीबोर्डवरच्या कंसाच्या कळीनं टाइप केले तर चालत नाहीत. दिसायला हुबेहूब तसेच असतात, पण वर्ड त्यांना साधा मजकूर समजतो आणि हेडरमध्ये कंसासकट ‘फाइलनेम’ असं छापून येतं. आणखी एक: बऱ्याच लॅपटॉपवर एफ९ ची कळ आवाज किंवा उजेड कमी-जास्त करायला लावलेली असते. तिथे सोबत ‘एफएन’ कळ दाबावी लागते. ‘एफ९ चालत नाही’ अशी तक्रार आली की आधी हेच बघावं.

नाव डावीकडे आणि पान क्रमांक उजवीकडे असं एका ओळीत हवं असेल तर स्पेसबार दाबत बसू नका. ‘हेडर अँड फूटर’ टॅबमध्ये ‘इन्सर्ट अलाइनमेंट टॅब’ आहे, त्यात ‘राइट’ निवडा. साधा टॅब कागदाच्या एका ठरावीक मापाला बसवलेला असतो. ए४ वरून लीगल कागदावर गेलात किंवा समास बदललेत, की तो सरकतो. अलाइनमेंट टॅब उजव्या समासाला बांधलेला असतो, म्हणून जागचा हलत नाही.

नाव बदललं, हेडरमध्ये जुनंच दिसतंय

सगळ्यात जास्त लोक इथे अडकतात. फाइल ‘सेव्ह ॲज’ करून नवं नाव दिलं, तरी हेडरमध्ये जुनंच नाव. फील्ड बिघडलेलं नसतं. वर्ड फील्ड सतत मोजत बसत नाही, ठरावीक वेळीच ताजं करतं. हेडरमधलं फाइलनेम साधारणपणे फाइल बंद करून पुन्हा उघडली की, किंवा कंट्रोल-पी दाबून प्रिंट प्रिव्ह्यूला गेलात की ताजं होतं. लगेच हवं असेल तर हेडरमध्ये जाऊन त्या नावावर क्लिक करा आणि एफ९ दाबा.

कंट्रोल-ए करून एफ९ दाबलं की सगळी फील्डं ताजी होतात, असं बरेच जण सांगतात. ते मुख्य मजकुरापुरतं खरं आहे. कंट्रोल-ए हेडर-फूटरला, म्हणजे पानाच्या माथ्या-तळाच्या मजकुराला, धरतच नाही. हेडरमध्ये वेगळं जावंच लागतं.

छापताना हमखास ताजं नाव यावं यासाठी ‘फाइल’, ‘ऑप्शन्स’, ‘डिस्प्ले’ या वाटेनं जा. खाली ‘प्रिंटिंग ऑप्शन्स’ मध्ये ‘अपडेट फील्ड्स बिफोर प्रिंटिंग’ अशी ओळ आहे, तिथे खूण करा. ही खूण त्या संगणकावरच्या वर्डला लागते, फाइलला नाही. म्हणून तीच फाइल दुसऱ्या डीटीपी सेंटरवर छापायला नेली तर तिथेही खूण आहे का ते बघावं लागेल.

या खुणेचा एक धोकाही आहे. पत्रात तारीख जर आपोआप बदलणाऱ्या फील्डनं घातली असेल, तर १२ तारखेचं पत्र २० तारखेला परत छापताना त्यावर २० तारीख येईल. जावक नोंदवहीत १२ आणि पत्रावर २० असं झालं, की निस्तरता निस्तरता नाकीनऊ येतात. पत्राची तारीख हातानंच टाइप करावी. हेडरमध्ये ‘शेवटचं कधी सेव्ह झालं’ हे दाखवायचं असेल तर त्यासाठी ‘सेव्हडेट’ हे वेगळं फील्ड आहे, आणि ते फाइलच्या नावाशेजारी बसवलं तर फार उपयोगी पडतं. एकाच नावाच्या फाइलमध्ये सकाळी एक आणि संध्याकाळी एक दुरुस्ती झाली असेल, तर दोन कागदांतला फरक त्यावरूनच कळतो.

व्हॉट्सॲपवरून किंवा मेलवरून आलेली फाइल ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’ मध्ये उघडते, वर पिवळी पट्टी दिसते. ओळखीच्या माणसाची फाइल असेल तरच ‘एनेबल एडिटिंग’ दाबा आणि मग हेडर बघा. अशा फाइलीबाबत एक गोष्ट समजून घ्यायला हवी. फील्ड नेहमी समोर उघडलेल्या फाइलचं नाव दाखवतं, मूळ फाइलचं नव्हे. तुम्ही ‘ठराव_०३’ पाठवलात, समोरच्यानं तो दोनदा डाउनलोड केला आणि त्याच्याकडे नावापुढे कंसात १ लागला, तर त्याच्या छापील कागदावर तो कंस आणि तो १ येणार. वीज गेल्यावर वर्डनं वाचवून ठेवलेली फाइल उघडली तरी तसंच होतं: नावाला वर्डची स्वतःची शेपटी लागते. ती आधी मूळ नावानं सेव्ह करा आणि मगच छापा.

एका पानावर आहे, दुसऱ्यावर नाही

याची कारणं तीनच असतात, आणि तिन्ही ‘हेडर अँड फूटर’ टॅबमध्येच सापडतात. ‘डिफरंट फर्स्ट पेज’ वर खूण असेल तर पहिल्या पानाचं हेडर वेगळं. ‘डिफरंट ऑड अँड इव्हन पेजेस’ वर खूण असेल तर सम आणि विषम पानांची हेडरं वेगळी, म्हणजे फील्ड दोन्हीकडे घालावं लागेल. तिसरं कारण म्हणजे सेक्शन. मोठा तक्ता बसवायला मध्येच एखादं पान आडवं केलं, की फाइलचे भाग पडतात. ‘लिंक टु प्रीव्हियस’ चालू असेल तर आधीच्या भागाचं हेडर पुढे येतं, बंद असेल तर प्रत्येक भागाचं स्वतंत्र.

पहिल्या पानाचं वेगळं हेडर काही वेळा मुद्दाम ठेवावं लागतं. बॉन्ड रायटरकडे करारपत्राचं पहिलं पान ई-स्टॅम्पच्या कागदावर छापतात. त्या कागदाचा वरचा भाग आधीच छापलेला असतो आणि मजकूर खालच्या मोकळ्या जागेत बसवायचा असतो. तिथे हेडरमध्ये फाइलचं नाव आलं तर ते थेट स्टॅम्पच्या मजकुरावर छापलं जाईल, आणि कागद वाया गेला म्हणजे पैसे गेले. म्हणून ‘डिफरंट फर्स्ट पेज’ वर खूण करा, पहिल्या पानाचं हेडर कोरं ठेवा आणि फाइलचं नाव त्या पानाच्या फूटरमध्ये बारीक अक्षरात घाला. खूण केल्यावर पहिल्या पानाचं फूटरही वेगळं होतं, त्यामुळे तिथे फील्ड नव्यानं घालावं लागतं. कोऱ्या साध्या कागदावर एक प्रत काढून ती स्टॅम्पच्या कागदावर ठेवायची आणि उजेडासमोर धरून बघायचं, मगच खरा कागद प्रिंटरमध्ये सरकवायचा.

नावाच्या जागी भलतीच अक्षरं

आपल्याकडे हा त्रास इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे, कारण एकाच संगणकावर कन्नडसाठी नुडी, मराठीसाठी श्रीलिपी आणि इंग्रजीसाठी साधे फॉन्ट असा सगळा संसार नांदतो.

जुन्या नुडी आणि श्रीलिपी फॉन्टांची रचना अशी, की त्यांत कन्नड किंवा मराठी अक्षरांची चित्रं इंग्रजी अक्षरांच्या आणि चिन्हांच्या जागी बसवलेली असतात. फाइलमध्ये नोंद इंग्रजी अक्षराची होते, फॉन्ट ती ‘क’ म्हणून दाखवतो. आता हेडरला असा फॉन्ट लावलेला आहे आणि फाइलचं नाव इंग्रजीत आहे असं समजा. फील्ड बरोबर नाव आणतं, पण फॉन्ट त्या इंग्रजी अक्षरांच्या जागी आपली चित्रं दाखवतो. हेडरमध्ये एक अर्थहीन कन्नड किंवा मराठी ओळ तयार होते.

फाइलचं नाव युनिकोड मराठीत, म्हणजे प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःची वेगळी जागा देणाऱ्या पद्धतीत, असेल तर दृश्य आणखी विचित्र. नाव स्वच्छ दिसतं, कारण युनिकोड देवनागरीसाठी वर्ड दुसरा फॉन्ट वापरतं. पण नावाच्या शेवटी जे ‘डॉट-डॉकएक्स’ असतं ते इंग्रजी असल्यामुळे त्याच्या जागी दोन-चार तुटकी अक्षरं उमटतात. ‘पाणीपुरवठा-अर्ज’ पुढे हा कचरा कुठून आला म्हणून लोक फाइलचं नाव पुन्हा पुन्हा बदलतात. नावात काही चुकलेलं नसतं.

उपाय फॉन्टचा आहे. हेडरमधलं फील्ड निवडा, कंट्रोल-डी दाबून फॉन्टची चौकट उघडा. तिथे इंग्रजीसाठी एक आणि ‘कॉम्प्लेक्स स्क्रिप्ट्स’ खाली देवनागरी-कन्नडसाठी एक अशा दोन जागा दिसतील. दोन्हींत ‘निर्मला यूआय’ निवडा. हा फॉन्ट विंडोज ८ पासून विंडोजसोबतच येतो आणि त्यात देवनागरी, कन्नड आणि इंग्रजी तिन्ही अक्षरं आहेत. सीमाभागातल्या कागदांच्या हेडरसाठी याहून सोयीचं काही नाही. विंडोज ७ वर तो नसतो. तिथे मराठीला ‘मंगल’, कन्नडला ‘तुंगा’. अक्षराचा आकारही दोन्ही जागी एकच ठेवा. नाहीतर नाव मोठं आणि शेवटचं इंग्रजी बारीक असं बेंगरूळ दिसतं.

कधी असंही होतं, की फॉन्ट नीट केला, फील्ड ताजं झालं आणि पुन्हा जुना फॉन्ट आला. यावर पक्का इलाज आहे. ऑल्ट आणि एफ९ दाबून फील्डच्या आतली सूचना उघडी करा. ‘फाइलनेम’ या इंग्रजी शब्दापुढे जागा सोडून उलटी तिरकी रेघ, लगेच तारका, पुन्हा जागा आणि इंग्रजीत ‘चारफॉरमॅट’ (सी, एच, ए, आर, एफ, ओ, आर, एम, ए, टी) असं टाइप करा. तिथे आधीपासून ‘मर्जफॉरमॅट’ असेल तर ते काढून टाका. मग फाइलनेम शब्दाचं पहिलं अक्षर, म्हणजे इंग्रजी ‘एफ’, निवडून त्याला हवा तो फॉन्ट आणि आकार द्या. परत ऑल्ट-एफ९ आणि नंतर एफ९. आता त्या पहिल्या अक्षराचं रूप सगळ्या नावाला लागू होतं, फील्ड कितीही वेळा ताजं होवो.

याच्या उलटी चूक फाइल सेव्ह करताना होते. नुडी किंवा श्रीलिपीचा जुना, युनिकोड नसलेला कीबोर्ड चालू ठेवून ‘सेव्ह ॲज’ च्या चौकटीत नाव टाइप केलं, तर तिथे विंडोजचा स्वतःचा फॉन्ट असल्यानं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांची खिचडी दिसते. तीच नाव म्हणून सेव्ह होते, पुढे हेडरमध्येही तीच येते, आणि शोधायला गेलात तर सापडत नाही. नाव देण्यापुरता तरी युनिकोड कीबोर्ड लावा. विंडोजच्या सेटिंगमध्ये भाषांच्या यादीत मराठी आणि कन्नड जोडून ठेवल्या, की विंडोज कळ आणि स्पेसबार एकत्र दाबून भाषा बदलता येते.

फाइलला नाव देताना

हेडरमध्ये आलेलं नाव वाचून अर्थ लागला नाही, तर सगळी खटपट फुकट. ‘नवीन अर्ज फायनल २’ हे नाव छापून काय कळणार? नावात चार गोष्टी असाव्यात: तारीख, विषय, भाषा आणि कितवी दुरुस्ती. उदाहरणार्थ, ‘२०२५-०८-१४_पाणीपुरवठा-अर्ज_कन_०२’. वर्ष आधी, मग महिना, मग दिवस असं लिहिलं की फोल्डरमध्ये फाइली आपोआप तारखेच्या क्रमानं लागतात. शेवटच्या आकड्याआधीचं ‘कन’, ‘मरा’ किंवा ‘इं’ भाषा सांगतं. आपल्याकडे ही खूण सोडून चालत नाही. कन्नड प्रतीत दुरुस्ती झाली आणि मराठीत राहिली, हे दोन कागदांच्या माथ्यावरच्या ०३ आणि ०२ या आकड्यांवरून लगेच दिसतं. कन्नड वाचता न येणाऱ्या सभासदालाही ते कळतं.

आकडे मराठी लिहायचे की इंग्रजी, हे संस्थेत एकदा ठरवा आणि मग बदलू नका. संगणकाच्या लेखी मराठी २ आणि इंग्रजी दोन ही दोन वेगळी अक्षरं आहेत.

जमिनीच्या कागदांत आणखी एक अडचण येते. आपले सर्व्हे नंबर ४५/२ असे हिश्श्यासकट लिहायची पद्धत आहे, आणि विंडोज फाइलच्या नावात तिरकी रेघ घेत नाही. उलटी तिरकी रेघ, विसर्गासारखी दोन टिंबं, तारका, प्रश्नचिन्ह, दुहेरी अवतरण, लहान-मोठेपणाची दोन्ही टोकदार चिन्हं आणि उभी रेघ हीसुद्धा चालत नाहीत. तेव्हा फाइलच्या नावात ४५-२ लिहा. मात्र अर्जाच्या मजकुरात उताऱ्यावर आहे तसं ४५/२ च राहू द्या. हेडरमधलं नाव बघून कोणी मजकुरातला नंबर ‘सुधारून’ टाकू नये.

नाव लांबलं तर दोन अडचणी होतात. पहिली अशी, की अधोरेषेनं जोडलेलं नाव वर्डला एकच शब्द वाटतो. ते ओळीत मावलं नाही तर अख्खं खालच्या ओळीवर जातं. हायफन असेल तिथे मात्र तुटतं, म्हणून वरच्या उदाहरणात दोन्ही वापरली आहेत. दुसरी अडचण मर्यादेची. विंडोजमध्ये ड्राइव्हच्या अक्षरापासून फाइलच्या नावाच्या शेवटापर्यंत सगळं मिळून २६० च्या आत बसवावं लागतं, आणि मराठी जोडाक्षरं आपल्याला दिसतात त्यापेक्षा जास्त मोजली जातात. ‘क्षेत्र’ डोळ्याला दोन अक्षरांचा शब्द, संगणक त्यात सात मोजतो: क, हलन्त, ष, मात्रा, त, हलन्त, र. फोल्डरात फोल्डर, त्यात फोल्डर असा उतरंडीचा पसारा असेल, तर मराठी नावं लवकर मर्यादेला टेकतात. लिनक्स वापरणाऱ्यांनी जास्त जपावं. तिथे एका नावाला २५५ बाइट मिळतात आणि देवनागरीच्या प्रत्येक खुणेला ३ बाइट लागतात, म्हणजे जेमतेम ८५ खुणा.

फोल्डरसकट पूर्ण पत्ता छापावा का

संस्थेच्या आतल्या कागदांसाठी जरूर. ‘डॉक्युमेंट इन्फो’ मधलं ‘फाइल पाथ’ निवडलं, किंवा फील्डमध्ये फाइलनेमपुढे उलटी तिरकी रेघ आणि इंग्रजी ‘पी’ जोडला, की ड्राइव्ह आणि फोल्डरसकट पत्ता येतो. फाइल शोधायचं कामच उरत नाही.

बाहेर जाणाऱ्या कागदावर तो नको. त्या पत्त्यात संगणकाच्या वापरकर्त्याचं नाव असतं, फोल्डरांची नावं असतात. तहसीलदारांना दिलेल्या अर्जाच्या माथ्यावर ‘कोर्ट केस’ नावाचं फोल्डर छापलं जाणं कोणालाच परवडणारं नाही. फाइल वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेटवरच्या साठ्यात) असेल तर फोल्डरांच्या जागी इंटरनेटचा लांबलचक पत्ता येतो, आणि तो कागदावर निरुपयोगी असतो.

लांब पत्त्यामुळे हेडर दोन-तीन ओळींचं झालं, तर वर्ड मजकूर खाली ढकलतं. मग एका पानात बसवलेला अर्ज दुसऱ्या पानावर जातो आणि सहीची ओळ तिथे एकटी पडते. म्हणून हेडरमधलं अक्षर ८ पॉइंटच्या आसपास ठेवा. कागदाच्या वरच्या कडेपासून हेडरचं अंतर मुळात अर्धा इंच असतं, ते राहू द्या. जागा वाचवायला ते फार कमी केलं, तर कडेच्या पट्टीत प्रिंटरला छापता येत नाही आणि नावाचा वरचा भाग कापला जातो.

लिब्रेऑफिस वापरत असाल तर

बऱ्याच शाळा आणि छोट्या संस्था आता फुकट मिळणाऱ्या लिब्रेऑफिसवर काम करतात. तिथे ‘इन्सर्ट’ मेनूत ‘हेडर अँड फूटर’, त्यात ‘हेडर’, त्यात ‘डिफॉल्ट पेज स्टाइल’ निवडलं की हेडर उघडतं. त्यात कर्सर ठेवून कंट्रोल-एफ२ दाबा. फील्डची चौकट येते. ‘डॉक्युमेंट’ टॅबमध्ये ‘फाइल नेम’ निवडा आणि ‘फॉरमॅट’ खाली चार पर्याय बघा: पत्त्यासकट नाव, नुसता पत्ता, नुसतं नाव आणि शेवटच्या डॉट-विस्ताराशिवाय नाव. हा शेवटचा पर्याय लिब्रेऑफिसची खरी जमेची बाजू. वर्डच्या फील्डमध्ये विस्तार गाळायची सोयच नाही.

त्याच चौकटीत खाली ‘फिक्स्ड कंटेंट’ अशी खूण आहे. ती चुकून लागली तर नाव तिथल्या तिथे गोठतं आणि पुढे बदलत नाही. ताजं करायची कळ इथेही एफ९. पण कंट्रोल-एफ९ चा अर्थ वेगळा आहे: त्यानं नावाच्या जागी फील्डचं नाव दिसायला लागतं. घाबरू नका, तीच कळ पुन्हा दाबा.

मराठी-कन्नड फॉन्टची वेगळी जागा दिसत नसेल तर ‘टूल्स’, ‘ऑप्शन्स’ मध्ये भाषांच्या विभागात ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ वर खूण करा. पानागणिक वेगळी हेडरं इथे सेक्शनमुळे न होता पेज स्टाइलमुळे होतात. दुसऱ्या स्टाइलचं पान घेतलं की त्याचं हेडर नव्यानं चालू करावं लागतं.

दरवेळी नव्यानं करायचं नसेल तर

हेडर एकदा मनासारखं बसवून फाइल ‘वर्ड टेम्प्लेट’ प्रकारात सेव्ह करा. त्यावरून उघडलेल्या प्रत्येक नव्या फाइलमध्ये फील्ड तयारच असेल आणि पहिल्यांदा सेव्ह केल्यावर ते त्या फाइलचं नाव घेईल. संस्थेच्या पत्रांसाठी एक आणि बॉन्डसाठी पहिलं पान कोरं असलेलं एक, अशी दोन टेम्प्लेटं पुरतात. वर्डच्या मूळ कोऱ्या टेम्प्लेटमध्येच फील्ड घालायचा मोह होतो, तो टाळा. मग लग्नपत्रिकेच्या मजकुरापासून परीक्षेच्या पेपरापर्यंत सगळ्यावर फाइलचं नाव छापून येतं.

सभासदांना वार्षिक सभेच्या नोटिसा मेल मर्जनं, म्हणजे एकाच मजकुरात यादीतलं प्रत्येकाचं नाव आपोआप भरून, काढताना एक काळजी घ्या. मर्ज झाल्यावर वर्ड एक नवी, सेव्ह न केलेली फाइल तयार करतं आणि तिला ‘लेटर्स१’ असं स्वतःचं नाव देतं. शेकडो नोटिसांच्या माथ्यावर तेच नाव जाऊ नये यासाठी मर्ज करण्याआधी मूळ फाइलच्या हेडरमधलं फील्ड निवडून कंट्रोल, शिफ्ट आणि एफ९ एकत्र दाबा. फील्ड निघून जातं, त्या घडीला दिसणारं नाव साधा मजकूर म्हणून राहतं. हे मूळ फाइलच्या एका प्रतीवर करा, कारण गोठलेलं फील्ड परत जिवंत होत नाही. सही झालेल्या अंतिम कागदाची फाइल जपून ठेवतानाही हीच कळ वापरावी, म्हणजे पुढे कोणी फाइलचं नाव बदललं तरी हेडरमध्ये छापील कागदावरचंच नाव राहील. पीडीएफ काढली तर वेगळं काही करावं लागत नाही. तिच्यात नाव आपोआप गोठलेलंच असतं, फक्त त्यात वर्डच्या फाइलचं नाव असतं, पीडीएफचं नाही.

एक्सेलमध्ये हिशेबाच्या तक्त्यांवर नाव हवं असेल तर ‘पेज लेआउट’ मधून ‘पेज सेटअप’ ची चौकट उघडा आणि ‘हेडर/फूटर’ टॅबमध्ये ‘कस्टम हेडर’ दाबा. वरच्या बटणांत एक फाइलच्या नावाचं आणि एक शीटच्या नावाचं आहे. दोन्ही घाला, कारण जमाखर्चाच्या एकाच फाइलमध्ये बारा महिन्यांची बारा शीट असतात आणि नुसत्या फाइलच्या नावावरून महिना कळत नाही. एक्सेलमध्ये हेडर प्रत्येक शीटचं वेगळं असतं. सगळ्यांना एकदम लावायचं तर खाली पहिल्या शीटवर क्लिक करून, शिफ्ट दाबून धरून शेवटच्या शीटवर क्लिक करा आणि मग हेडर घाला. झाल्यावर एकाच शीटवर उजवं क्लिक करून ‘अनग्रुप शीट्स’ निवडायला विसरू नका. नाहीतर त्यानंतर एका महिन्यात टाइप केलेला आकडा बाराही महिन्यांत जाऊन बसेल.